आबा गेले म्हणजे नक्की कुठे गेले?

दोन वर्षांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर पहाटे पावणेसहाला चुलतभावाचा मेसेज पडला, दोनच शब्द, "आबा गेले." झालं! दुबईच्या आत्याने व्हिडिओ कॉल लावून रडायलाच सुरुवात केली, पुण्याच्या काकांनी ऑफिसात सुट्टी कळवून टाकली, कुणीतरी हात जोडलेले इमोजी टाकले ते बघून आणखी आठ-नऊ जणांनी टाकले आणि एका वहिनींनी तर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून वर झेंडूच्या फुलांचा फोटोपण लावला. आबा त्या वेळेला सांगलीच्या स्टँडवर कोल्हापूरच्या एसटीत खिडकीजवळची सीट धरून बसलेले, डोळे दाखवायला चालले होते. स्वतः गेल्याची बातमी त्यांना कंडक्टरने तिकीट फाडायच्या आत फोनवर मिळाली.

भावाला सगळ्यांनी नंतर यथेच्छ शिव्या घातल्या, पण मी तेव्हापासून विचार करतोय की त्याचं चुकलं काय. वाक्य व्याकरणात बरोबर, माहिती खरी. संध्याकाळी दारात कुणी येऊन "आबा आहेत का" विचारलं तर आपण "आबा गेले की आत्ताच" असंच सांगतो, आणि विचारणारा काही छाती पिटत नाही, सायकल वळवतो आणि पारावर बघायला जातो. मग तेच दोन शब्द ग्रुपवर एवढे भारी का पडले, तर पहाटेची वेळ, आबांचं वय ८४, पंधरा दिवसांपूर्वीच त्याच ग्रुपवर मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि वाढलेली शुगर यावर झालेली लांबलचक चर्चा, हे सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच भरून ठेवलेलं होतं. भावाच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. आदल्या रात्री त्याला वडिलांनी सांगितलेलं, "गाडीत बसवून दिलंस की मेसेज टाक." त्याने बसवून दिलं आणि टाकला. त्याच्या हिशोबाने ते आदल्या रात्रीच्या बोलण्याचं उत्तर होतं, फक्त तो प्रश्न ग्रुपवर कुणी ऐकलेलाच नव्हता.

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न असायचा, "कोण कोणास म्हणाले?" आम्ही तो फुकटचे मार्क म्हणून सोडवायचो. आता वाटतं अख्ख्या पेपरात तोच सगळ्यात अवघड प्रश्न होता. कुठलंही वाक्य घ्या, कोण म्हणालं, कुणाला, कुठे, कशानंतर हे काढून घेतलं की उरतो तो नुसता सांगाडा, आणि त्याच्यावर मांस आपण आपल्या घरचं चढवतो.

नमुना म्हणून "कावळा शिवला" घ्या. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून सगळे ताटकळत उभे असताना कुणी हे म्हणालं की लोक सुटकेचा श्वास टाकतात, गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही म्हणून. तेच शब्द जुन्या घरातल्या आजीने माजघरात म्हटले तर अर्थ असा की सुनेची पाळी आली, ती आता चार दिवस बाजूला बसणार, स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी बघा. कावळा तोच, शिवलाही, पण घाट आणि माजघर यांच्यात अर्थाने केवढी उडी मारली बघा. डिक्शनरी तुम्हाला दोन्ही अर्थ देईल, पण आत्ता त्यातला कुठला घ्यायचा हे कुठलीच डिक्शनरी सांगत नाही, ते आपण कुठे उभे आहोत त्यावरून कळतं.

'पान' या शब्दाचं तर विचारूच नका. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, टपरीवरचं पान, पत्त्यांतलं पान, आणि "पानं घेतलीयेत, चला" म्हणजे ताटं वाढलीयेत, जेवायला बसा. "पानात टाकू नकोस" असं आई ओरडली तर लहान पोरालाही कळतं की विषय भाजीचा आहे, झाडाचा नाही. आपल्याला हे इतकं सहज जमतं की यात काही जमवायचं असतं हेच विसरायला होतं.

हे कसं जमतं याची यादी आपल्याकडे फार आधीच कुणीतरी करून ठेवलीये. भर्तृहरी नावाचा व्याकरणकार, साधारण ५व्या शतकातला. त्याच्या वाक्यपदीयात दोन श्लोक आहेत, त्यात त्याने सरळ मोजून सांगितलंय की एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ऐकणारा त्यातला नेमका एक कशाच्या आधाराने उचलतो. चौदा आधार देतो आणि शेवटी "आदी" लावून दार उघडं ठेवतो. सगळे इथे सांगत बसत नाही, काही सांगतो, कारण काहींची गंमत भारी आहे.

पहिला संयोग, म्हणजे सोबत काय आहे. संस्कृतात 'हरि' म्हणजे विष्णू, इंद्र, सिंह, माकड, घोडा, काहीही. पण "शंख-चक्रासह हरि" म्हटलं की विष्णूच, माकडाच्या हातात चक्र कोण देणार. इथपर्यंत ठीक, कुणालाही सुचलं असतं. पण दुसरा आधार आहे विप्रयोग, म्हणजे सोबत काय नाहीये. "शंख-चक्राविना हरि" म्हटलं तरीसुद्धा तो विष्णूच! कारण ज्याच्याकडे एरवी असतं त्याच्याच बाबतीत 'नाहीये' असं सांगावं लागतं. टपरीवर जाऊन "बिनचुन्याचं पान" म्हणून बघा, चुना नाही म्हटल्यानेच ठरतं की पान खायचं आहे, वहीचं नाही. वहीच्या पानाला चुना नाही हे कुणी कशाला सांगेल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर असली वाक्यं शोधत बसलो होतो. बिनसाखरेचा, बिनपगारी, बिनखांबाचा... 'नाही' म्हणूनसुद्धा केवढी माहिती दिली जाते.

मग प्रकरण, म्हणजे काय चाललंय. याचं पारंपरिक उदाहरण 'सैंधव आण'. सिंधकडचं मीठ ते सैंधव, आपण अजूनही उपासाला सैंधव मीठ म्हणतो ते हेच, आणि सिंधकडचा घोडाही सैंधव. मालक जेवायला बसलेला असताना म्हणाला तर मीठ आणायचं, बाहेर निघायच्या तयारीत म्हणाला तर घोडा. नोकराने उलट केलं तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. पंगतीत घोडा!

व्यक्ती नावाचाही एक आधार आहे, इथे व्यक्ती म्हणजे माणूस नाही तर शब्दाचं लिंग. मराठीत याला एकदम फिट्ट उदाहरण 'वेळ'. "तो वेळ" म्हणजे घालवलेला, मोकळा, फुकट गेलेला. "ती वेळ" म्हणजे नेमका क्षण, मुहूर्त, कधी कधी वाईट क्षण. "माझा वेळ गेला" आणि "माझी वेळ आली" यात काय फरक आहे तो मराठी माणसाला समजवावा लागत नाही, तो दुसरं वाक्य ऐकून लगेच लाकडाला हात लावतो. आणि 'परवा' तर बघा, मागचा की पुढचा हे त्या शब्दाला स्वतःलाच माहीत नसतं. "परवा आलेला", "परवा येणारे", क्रियापद येईपर्यंत थांबायचं आणि मग ठरवायचं. हिंदीवाल्यांच्या 'कल'ला आपण हसतो, पण आपलं परवाचं घर त्याच काचेचं आहे.

आता पान परत आणतो, कारण त्या पानाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीये आणि तीही आपल्या अकोल्याची. तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला कर माफ होता. अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं असं की आमचं पान वेलीवर उगवतं, हिरवं असतं, वनस्पतीच आहे, मग कर कसला. तर्क म्हणून बघायला गेलं तर चूक नाही, आणि इंग्रजी कायद्यातला व्हेजिटेबल हा शब्द शास्त्रात घेतला तर अख्खं वनस्पतीविश्व त्यात बसतं. कोर्टाने १९६१ मध्ये सांगितलं की कर कायद्यातला रोजच्या वापराचा शब्द शास्त्राच्या पुस्तकातून वाचायचा नसतो, तो ज्या लोकांमध्ये वापरला जातो त्यांच्या बोलण्यातून वाचायचा, आणि बाजारात पिशवी घेऊन भाजी आणायला गेलेला माणूस विड्याची पानं भाजी म्हणून आणत नाही. कर भरा. निकाल मला पटतो, पण त्या व्यापाऱ्याचं डोकं मानलं पाहिजे. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, शब्दाला फक्त मंडईतून उचलून बॉटनीच्या वर्गात नेऊन बसवलं होतं.

वकील मंडळींकडे यासाठी एक लॅटिन सूत्रही आहे, नोसितुर अ सोसिइस, शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा. इंग्लंडचा भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ १९५७ मध्ये साधारण हेच म्हणाला, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. आपल्याकडे बैलांच्या बाबतीत हे कधीचंच सांगून झालंय, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. गंमत म्हणजे आजचे ते भाषेचे कॉम्प्युटर, ज्यांच्याशी लोक गप्पा मारतात, ते याच गोठ्यात शिकलेत. २०१३ मध्ये गुगलमध्ये वर्ड-टू-व्हेक नावाची पद्धत आली, तिच्यात प्रत्येक शब्दाचे शेजारी कोण कोण असतात यावरून त्या शब्दाला आकड्यांची एक ओळ दिली जायची. अडचण अशी की एका शब्दाला एकच ओळ, म्हणजे टपरीचं, झाडाचं आणि पुस्तकाचं पान सगळं कुटून एकत्र. २०१७ नंतर जी नवी पद्धत आली तिच्यात शब्दाचे आकडे त्या त्या वाक्यातले बाकीचे शब्द बघून दर वेळी नव्याने ठरतात, चुना दिसला की वेगळे, जेवण दिसलं की वेगळे. भर्तृहरीचा 'अन्य शब्दाची सन्निधी', म्हणजे शेजारी दुसरा कुठला शब्द आहे, हा आधार कॉम्प्युटरला असा नीट जमायला लागला. पण कॉम्प्युटरला दिसतात ते शब्दच. घाट की माजघर हे कुणी लिहिलंच नसेल तर त्याचीही आमच्या आत्यासारखीच अवस्था.

इथपर्यंत शब्दांचे अर्थ निदान डिक्शनरीत तरी होते. पुढची पायरी जास्त बेरकी आहे, तिथे शब्दाचा अर्थ एक आणि माणसाला म्हणायचंय भलतंच. मुलगी बघायला गेलेले लोक कांदेपोहे खाऊन उठताना म्हणाले "कळवतो", तर घरातल्या सगळ्यांना तिथेच कळतं. कळवतो म्हणजे कळवणार नाही. वडील म्हणाले "बघू" तर सायकल मिळणार नाही, पण दवाखान्यात डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावून "बघू" म्हणाले तर ते खरंच बघणार असतात. लग्नाचं जेवण कसं होतं विचारल्यावर कुणी जरा थांबून "ताक छान होतं" असं म्हणालं की केटररची अब्रू गेली, आणि त्याने केटररविरुद्ध एक शब्द उच्चारलेला नसतो.

पॉल ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्डला लेक्चर्स दिली त्यात याचं गणित मांडलं. त्याचं म्हणणं सोपं आहे, बोलताना आपण एकमेकांना सहकार्य करतो असं दोघंही धरून चालतात, म्हणजे विचारलंय तेवढं सांगायचं, खरं सांगायचं, विषयाला धरून सांगायचं. मग जेवणाबद्दल विचारलं आणि माणूस नुसतं ताकाबद्दल बोलला तर ऐकणारा आपोआप विचार करतो की याला मठ्ठा आणि मसालेभातातला फरक कळत नाही असं तर नाही, मग बाकीच्या पदार्थांचं नाव का घेतलं नाही, अच्छा! एवढी सगळी उलाढाल अर्ध्या सेकंदात होते. ज्याच्याकडे ही पद्धत वेगळी आहे, समजा परदेशात वाढलेला आपला भाचा, तो खरंच ताकाची रेसिपी विचारायला जातो.

आणि कोण म्हणतंय हे तर सगळ्यात वर. 'बाई' बघा, शाळेत "बाई आल्या" म्हटलं की पोरं चिडीचूप, घरी "बाई आली नाही आज" म्हटलं की भांडी पडून, अहिल्याबाईंच्या नावात तोच शब्द डोक्यावर पदर घेऊन बसलाय आणि नाक्यावर कुणी "ए बाई" म्हणालं तर भांडण. 'अरे-तुरे'चं तसंच, सरकारी साहेबाला करून बघा काय होतं, पण आईला आपण अहो-जाहो केलं तर तिला वाटेल पोरगं रुसलंय. जनाबाई विठ्ठलाला "अरे विठ्या" म्हणते, पुढे आणखीही बरंच सुनावते. ते शब्द सुटे काढून कागदावर लिहिले तर कुणाच्याही भावना दुखावतील, तिच्या तोंडून मात्र ती भक्तीच आहे, कारण जात्यावर बसून त्याच्याशी घरच्यासारखं भांडायचा हक्क तिने मिळवलेला असतो.

शब्दांचं असं तर प्रसंगांचं काय, डोळ्यांनी बघितलेलं तरी पक्कं असेल ना? १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या सिनेमावाल्याने एक प्रयोग केला. एका नटाचा, मोझझुखिनचा, चेहऱ्याचा एकच निर्विकार तुकडा घेतला आणि तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सूपची बशी, एकदा शवपेटीतलं प्रेत, एकदा खेळणारी लहान मुलगी. लोक म्हणाले काय नट आहे, सूपकडे बघताना भूक, प्रेताकडे बघताना दुःख, पोरीकडे बघताना माया. चेहरा एकच होता! निदान गोष्ट तरी अशी सांगतात, कारण ती मूळ फिल्म आज शिल्लक नाही, कुलेशोव्हचा शिष्य पुडोव्हकिनने लिहून ठेवलंय त्यावरून आपल्याला माहीत, आणि काही जण मुलीच्या जागी कोचावर पहुडलेली बाई होती असंही सांगतात. म्हणजे त्या प्रयोगाचाही सांगाडाच उरलाय, बाकी सांगणाऱ्यांनी भरलंय. तरी टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्या कुणालाही हे पटायला पुरावा लागत नाही, सासूचा चेहरा तीनदा झूम करतात त्यात सासू बिचारी काहीच करत नसते, करत असतं ते म्युझिक.

सिनेमात हे करमणूक म्हणून चालतं. २०१८ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे एक व्हिडिओ फिरत होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल, गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पळतात. खाली लिहिलेलं असायचं की आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आलीये. तो व्हिडिओ कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन नावाच्या संस्थेने लोकांना सावध करायला बनवलेली ती जाहिरात होती, आणि तिच्या शेवटी ते मोटरसायकलवाले परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक बोर्ड दाखवतात की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. शेवटचा तेवढा भाग कुणीतरी कापला. नवीन काही जोडलं नाही, खोटं काही शूट केलं नाही, नुसती शेपटी कापली आणि लक्ष ठेवा सांगणारी फिल्म गुन्ह्याचा पुरावा बनली.

मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांचे असे अनेक मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, भिक्षा मागत फिरणारे. एका लहान मुलीशी बोलताना दिसले असं तेव्हा बातम्यांत आलं. अनोळखी म्हातारा लहान पोरीशी बोलतोय हे दृश्य एरवी कुठल्याही बाजारात दिसतं आणि त्याचा काहीच अर्थ होत नाही. त्या आठवड्यात त्या बाजारातल्या लोकांच्या डोक्यात आधीच काहीतरी भरून ठेवलेलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तो शिक्का म्हणजे 'कोण कोणास म्हणाले'चं अर्धवट उत्तर आहे, मेसेज समोरच्याचा स्वतःचा नाही एवढंच त्यावरून कळतं, मुळात कुणाचा ते कळत नाहीच.

इतिहासातल्या घटनांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे घाई नसते. १८५७ ला इंग्रज शिपायांचं बंड म्हणायचे, सावरकरांनी १९०९ च्या पुस्तकात स्वातंत्र्यसमर म्हटलं, आणि त्याच गोंधळात पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून उत्तरेत गेलेले विष्णुभट गोडसे अडकले होते, त्यांनी जे लिहून ठेवलं त्यात लढाया आहेत, झाशी आहे, पण सगळं एका वाट चुकलेल्या भिक्षुकाच्या डोळ्यांनी. तीनही खरंच आहे. कुठून बघतोय तेवढं सांगावं म्हणजे झालं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती मात्र एका पत्राची, जिथे उलटं झालं. आमच्या भावाने अर्थाचा विचारच केला नव्हता. या पत्राच्या लेखकाने इतका केला होता की अर्थाचा एकही शब्द त्याने कागदावर येऊ दिला नाही.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. त्या दिवशी काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, भाषेतसुद्धा ते गाव आता गाव राहिलं नाही, परीक्षेत पोरगं नापास झालं तरी पानिपत होतं. पण त्या दिवसानंतर कित्येक दिवस दक्षिणेत कुणालाच काही कळलेलं नव्हतं. नानासाहेब पेशवे स्वतः मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले, नर्मदेच्या आसपास होते. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची महिनोन् महिने धड बातमी नाही. तेवढ्यात सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्र पोचवणारा जासूद, सापडला. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिलीये, तो सांगतो की पत्र पेशव्यांना नव्हतंच, ते औरंगाबादच्या सावकारांकडे चाललेलं, पानिपतहून नऊ दिवसांत पोचवायच्या बोलीवर. नानासाहेबांनी ते फोडलं. आत एवढंच, शब्द थोडे इकडे-तिकडे करून वेगवेगळे सांगतात पण आशय हाच, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

आता हा कागद भर्तृहरीच्या त्या यादीसमोर धरून बघा. संयोग म्हणाल तर मोती, मोहरा, रुपये, खुर्दा, सगळे शब्द एकाच घरातले, एकमेकांना घट्ट धरून सांगतायत की हा हिशोब आहे. लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, विषय पैसा, यादीतलं औचित्यही, म्हणजे कुठे काय शोभतं ते, नीट जुळलेलं. वाटेत हा कासीद शत्रूच्या हातात पडला असता तर त्याला यात एका सराफाचं नुकसान दिसलं असतं, आणि दिसावं म्हणूनच ते तसं लिहिलेलं. पण त्याच यादीतले देश आणि काल, म्हणजे कुठे आणि कधी? पत्र पानिपतहून आलंय. जानेवारीत आलंय. हरवलेला पैसा कळवायला कोणता सावकार नऊ दिवसांची बोली करून माणूस पळवतो? आणि हिशोब लिहिणारा माणूस, ज्याला पै-पैची सवय, तो म्हणतो 'गणती नाही'. हिशोबाच्या कागदावर न शोभणारा तोच एक शब्द आहे.

सावकारांना ही बातमी सगळ्यांच्या आधी हवी होती यात नवल नाही, फौजा हुंडीवर, म्हणजे सावकारांनी लिहून दिलेल्या पैशाच्या चिठ्ठ्यांवर चालायच्या. त्यामुळे त्यांनी केलं ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत केलं. मोठ्या किमतीचं नाणं म्हणजे मोठा माणूस, तांब्याची चिल्लर म्हणजे साधा शिपाई. खुर्दा या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. हजारो माणसं, प्रत्येकाचं घर, आणि त्यांच्यासाठी पत्रात चिल्लरचा शब्द.

आणि वाचणारा कोण होता बघा. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. भाऊ त्याचा चुलतभाऊ, विश्वासराव त्याचा थोरला मुलगा, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. तंबूत दुसरं कुणी असतं तर त्याने निदान एकदा विचारलं असतं की मोती कसले. नानासाहेबांना विचारायची गरज पडली नाही, कारण त्या दोन रिकाम्या जागा त्यांच्या डोक्यात कित्येक महिने भीतीने कोरून ठेवलेल्या होत्या, पत्राने फक्त 'दोन' हा आकडा आणून दिला.

ते पुढे परत फिरले. २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर वारले, पत्रानंतर पाच महिन्यांत. आमच्या आबांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्याला रे कुणी इमोजी टाकले असतील," आणि कोल्हापूरहून आणलेला चष्मा पुसत बसले.